कूलर बदलण्याआधी थर्मामीटर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मार्चपासून या सदराकडे येणारी पत्रे एकाच वळणाची असतात : कॉम्प्युटर तापतो, कोणता कूलर घेऊ? त्यातली निवडक पत्रे इथे घेतली आहेत. सगळी तापमाने अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : माझ्याकडे आय५-१२४०० प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आलेलाच छोटा कूलर आहे. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्रॅम) दहा मिनिटे चालवले की तापमान ९४ वर जाते, पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खातो ती वीज, ७२ वॉट दिसते. परदेशातल्या एका चाचणीत याच जोडीचे तापमान ७८ आले होते, खोली २२ अंशांची होती. आमची खोली दुपारी ३९ असते. कूलर खराब झाला आहे का? दुकानदार लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून ते रेडिएटरमध्ये थंड करणारा) घ्यायला सांगतो. (अकोला)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त वजाबाकी करायची राहिली. त्यांचे ७८ वजा २२ म्हणजे ५६. तुमचे ९४ वजा ३९ म्हणजे ५५. कूलर अगदी तितकेच काम करतो आहे, जास्तीचे १६ अंश अकोल्याचे आहेत. पंख्याने चालणारा कोणताही कूलर हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो फक्त हवा आणि चिप यांच्यातला फरक कमी करतो. म्हणून कूलरच्या चाचणीत नुसते तापमान वाचू नये, खोलीच्या वरचा फरक वाचावा.

याच्या पुढची पायरी म्हणजे त्या फरकाला वॉटने भागणे. ५५ भागिले ७२ म्हणजे प्रत्येक वॉटमागे साधारण ०.७६ अंश. हा आकडा एकदा हाती आला की पुष्कळ गोष्टी कागदावर कळतात. मे महिन्यात खोली ४४ झाली तर हाच प्रोसेसर ९९ ला जाईल. या चिपची मर्यादा १०० आहे, म्हणजे तिथे तो स्वतःचा वेग कापू लागेल. चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर, म्हणजे उभा, कूलर असा प्रोसेसर वॉटमागे ०.४५ अंशांच्या आसपास ठेवतो. ७२ गुणिले ०.४५ म्हणजे ३२, त्यात ४४ मिळवले की ७६. प्रश्न संपला. ७२ वॉटसाठी लिक्विड कूलर म्हणजे सायकलला ट्रकचे टायर.

मात्र आकडा खरा हवा, त्यासाठी मोजायची पद्धत नीट हवी. खोलीचे तापमान समोरच्या भिंतीवर मोजू नका. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर बोटभर अंतरावर ठेवा, कारण कूलरला मिळणारी हवा तीच. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग एका ठिकाणी बांधून टाका, उदाहरणार्थ ७० टक्के. नाहीतर तापमान वाढले की पंखा वाढतो आणि दोन चाचण्यांची तुलनाच होत नाही. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वॉट दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, सिनेबेंच सुरू करा, तापमान स्थिरावले की नोंदी शून्य करा आणि नंतरच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या. ‘कमाल’ रकाना पाहून घाबरू नका, तिथे क्षणभराची उसळीही कायमची नोंदली जाते. टॉवर कूलर दहा-पंधरा मिनिटांत स्थिरावतो. लिक्विड कूलरमधले पाणी तापायला वेळ लागतो, त्याला अर्धा तास द्या. पाच मिनिटांत उरकलेल्या चाचणीत लिक्विड कूलर नेहमीच जिंकतो, दुकानातल्या प्रात्यक्षिकाचे गुपित बहुधा हेच असते.

दोन कूलरमधला फरक दोन अंशांपेक्षा कमी असेल तर तो धरू नका. तोच कूलर काढून, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट पुसून पुन्हा बसवला तरी एक-दोन अंश इकडेतिकडे होतात. प्रोसेसरच्या गाभ्यांमध्ये (कोअरमध्ये) मात्र आपसात बारा-पंधरा अंशांचा फरक दिसत असेल तर कूलर एका बाजूला उचललेला आहे. सोबत येणाऱ्या कूलरचे चार प्लास्टिकचे पाय हे त्याचे नेहमीचे कारण. पायावरचा बाण सोडवण्याची दिशा दाखवतो, त्यामुळे बसवताना पाय बाणाच्या उलट शेवटपर्यंत फिरवलेले हवेत. मग समोरासमोरचे, म्हणजे कर्णावरचे दोन पाय एकत्र दाबा, टक् आवाज आला पाहिजे, नंतर उरलेले दोन. मदरबोर्ड मागून पाहा : पांढरी नखे चारही भोकांतून बाहेर येऊन फाकलेली दिसली पाहिजेत. तीनच दिसली तर पुन्हा काढा.

कूलर येईपर्यंत फुकटचा उपाय : बायोसमध्ये दीर्घकाळाची वीजमर्यादा ५५ वॉट करा. ५५ गुणिले ०.७६ म्हणजे ४२, खोली ४४ असली तरी ८६ वर थांबेल. शेवटच्या काही वॉटमधून मिळणारा वेग महाग असतो, त्यामुळे वेगातली घट विजेतल्या घटीपेक्षा बरीच कमी दिसेल.

टॉवर घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची पाहा. बरेचसे १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. अरुंद कॅबिनेटमध्ये झाकण लागत नाही आणि मग लोक झाकण उघडेच ठेवतात, उंदरांची सोय होते. पट्टी घेऊन मोजायचे असेल तर प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, मदरबोर्डपासून नव्हे. आणि खोक्यावर छापलेले ‘२२० वॉट’ वगैरे आकडे तुलनेला घेऊ नका. ते कोणत्या चिपवर, किती अंशांच्या फरकाला मोजले हे सगळे उत्पादक एकसारखे सांगत नाहीत.

प्रश्न : कॅबिनेटला तीन नवे पंखे लावून एकूण सहा केले. आवाज वाढला, तापमान एक अंशानेही उतरले नाही. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे. (जळगाव)

शेवटचे वाक्य तुम्ही सहज लिहिले, पण रोग तिथेच आहे. आपल्याकडची कॉम्प्युटर टेबले ज्या काळात बनू लागली तेव्हाचा कॉम्प्युटर आजच्या मानाने फारच थोडी वीज खाई. त्या कप्प्याला दार आणि मागे फळी असते. मागून निघालेली गरम हवा फळीवर आपटून वळते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जाते. पंखे सहा काय नि बारा काय, तीच हवा फिरते.

आधी तीन चाचण्या करा, प्रत्येक वीस मिनिटांची, एकच गेम किंवा एकच भार लावून. पहिली आहे तशी. दुसरी कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून, मागे किमान वीतभर जागा सोडून. तिसरी बाहेरच, पण कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून. पहिली आणि दुसरी यांच्यात मोठा फरक आला तर दोषी टेबल. दुसरी आणि तिसरी यांच्यात सात-आठ अंशांचा फरक आला तर दोषी कॅबिनेटचा पुढचा भाग, बहुधा सपाट काच आणि कडेला बोटभर फट. तिन्ही सारख्या आल्या तर हवा पुरेशी आहे आणि कूलर किंवा पेस्टकडे वळायला हरकत नाही.

किती हवा लागते याचाही हिशेब आहे. वॉटला १.७६ ने गुणा आणि आतली हवा खोलीपेक्षा किती अंश जास्त चालेल त्याने भागा, म्हणजे दर मिनिटाला लागणारे घनफूट मिळतात. ३०० वॉटचा कॉम्प्युटर आणि १० अंशांची सवलत धरली तर ५३ घनफूट. खोक्यावर एका पंख्याचेच ५५-६० छापलेले असतात, पण तो आकडा मोकळ्या हवेतला, समोर काहीही नसतानाचा. जाळी, धूळ आणि तारांच्या गुंत्यातून त्यातला निम्मा आला तरी खूप. म्हणून पुढून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक, इतक्यावर बहुतेक घरगुती कॉम्प्युटर भागतो. चौथ्या पंख्यापासून फायदा झपाट्याने घटतो.

तुमचे नवे पंखे उलटे बसले नाहीत ना, हेही पाहा. हवा मोकळ्या बाजूने शिरते आणि जिथे मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात त्या बाजूने निघते. खात्रीसाठी पेटती उदबत्ती बाहेरून जाळीजवळ धरा. पुढे धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे ढकलला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नका.

आणखी एक धोका. सहा पंखे फाट्याच्या वायरने मदरबोर्डच्या एकाच जोडावर (फॅन हेडरवर) दिले असतील तर आजच काढा. बहुतेक जोड १ अँपियरपर्यंतचे असतात. ०.२ अँपियरचे सहा पंखे म्हणजे १.२, आणि सुरू होताना ते याहून जास्त खेचतात. जोड जळला की मदरबोर्डच्या दुरुस्तीचा खर्च येतो. पॉवर सप्लायच्या साटा वायरवरून (हार्डडिस्कला लावतात ती) वीज घेणारा पंख्यांचा हब लावा. तीन पिनांचे पंखे असतील तर बायोसमध्ये त्या जोडाला डीसी पद्धत (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारी) निवडा. चार पिनांच्या पंख्यांसाठीच्या पीडब्ल्यूएम पद्धतीवर राहिला तर असा पंखा कायम पूर्ण वेगाने पळतो, तुमचा वाढलेला आवाज कदाचित हाच.

आवाजाचे गणित मात्र आपल्या बाजूचे आहे. वेग २० टक्के उतरवला की हवा २० टक्केच घटते, आवाज मात्र जवळपास ५ डेसिबल उतरतो. तोच पंखा जोडीला दुसरा लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून एका किंचाळणाऱ्या पंख्यापेक्षा दोन सावकाश पंखे बरे, आणि जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचे.

प्रश्न : राइझेन ५ ७६००एक्स घेतला. चांगला टॉवर कूलर असूनही जोराच्या कामात थेट ९५ वर जाऊन थांबतो. ३६० मिलिमीटरचा रेडिएटर घेऊ का? (पिंपरी)

नको. ही मालिका ९५ पर्यंत चढायलाच बनवली आहे. वीज आणि तापमान यांपैकी जी मर्यादा आधी लागेल तिथपर्यंत ती वेग वाढवत नेते. मोठा कूलर लावला की ती आणखी वीज खाते आणि बऱ्याचदा पुन्हा त्याच्याच आसपास येते. शिवाय उष्णता निर्माण करणारा तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे नखाएवढा. त्यातून धातूच्या जाड टोपीपर्यंत येतानाच उष्णता अडते, आणि त्या वाटेवर कूलरचे काही चालत नाही.

तुम्ही तापमान पाहू नका, वेग पाहा. सगळ्या गाभ्यांवर भार असताना वेग मूळच्या ४.७ गिगाहर्ट्झच्या वर टिकत असेल तर कूलर पुरेसा आहे. ९५ डोळ्यांना खुपत असेल तर बायोसमधला ६५ वॉटचा इको मोड, म्हणजे कमी विजेची तयार सेटिंग, लावा. १०५ वॉटच्या नावाखाली ही चिप १४२ वॉटपर्यंत खाते, इको मोडमध्ये ८८ वर थांबते. तापमान वीस-एक अंशांनी उतरेल, गेममध्ये फरक शोधावा लागेल. त्यानंतर हवे तर कर्व्ह ऑप्टिमायझर (चिपला मिळणारे व्होल्टेज थोडे कमी करणारी बायोसमधली सेटिंग) उणे १० पासून सुरू करून उणे २० पर्यंत न्या. प्रत्येक पायरीला तास-दोन तास ओसीसीटी हा स्थिरता तपासणारा प्रोग्रॅम चालवा, आणि कॉम्प्युटर रिकामा असताना अचानक बंद पडतो का तेही पाहा. या बदलाचा दोष भारात कमी आणि निवांत असतानाच जास्त दिसतो.

रिकामा असताना पंख्याचा आवाज सारखा वर-खाली होत असेल, आणि या चिपवर तो होतोच, तर बायोसमधल्या पंख्याच्या आलेखात (किती तापमानाला किती वेग) ६० अंशांपर्यंत सपाट रेषा ठेवा आणि वेग बदलण्याचा विलंब चार-पाच सेकंद करा. नवीन काही घ्यायचे नाही.

प्रश्न : तीन वर्षांचा २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आहे. आता कॉम्प्युटर सुरू झाल्यावर काही न करता ६५, आणि काम सुरू केले की मिनिटभरात १००. पाणी भरावे का? दमट हवेमुळे आत दव धरले असेल का? (पर्वरी, गोवा)

दवाची शंका आधी सोडवू. गार पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा थंड झाला तरच दव धरते. या कूलरमधले पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे पावसाळ्यातही दव धरत नाही.

तुमची लक्षणे पंपाची आहेत. तापमान कसे चढते ते पाहा. पंप चालू असेल तर भार पडताच एक उडी येते आणि मग पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चढण. पंप बंद असेल तर चढण नसतेच, सरळ १०० पर्यंत भिंत. दोन्ही नळ्यांना हात लावा : भाराखाली पाच मिनिटांनी दोन्ही कोमट, जवळपास सारख्या लागल्या तर पाणी फिरते आहे. एक गरम आणि एक गार, किंवा प्रोसेसर १०० वर असताना रेडिएटर थंडगार, तर फिरत नाही.

पंप मेला असे ठरवण्यापूर्वी त्याची वायर पाहा. काही जोडण्यांत तो प्रोसेसरच्या पंख्याच्या जोडावर लावलेला असतो, आणि आलेख त्याला सुरुवातीला ४० टक्केच वीज देतो. पंपाच्या जोडावर लावून १०० टक्क्यांवर बांधून टाका. दुसरी गोष्ट रेडिएटरची जागा. नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात उडते, त्याच्या जागी हवेचा बुडबुडा वाढतो आणि तो सगळ्यात उंच जागी जाऊन बसतो. ती जागा रेडिएटरची हवी, पंपाची नव्हे. म्हणून रेडिएटर छताला लावा. पुढे उभा लावायचा असेल तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच आणि जमेल तर नळ्या खालच्या बाजूला. तळाला लावलेला रेडिएटर म्हणजे पंपाला हवा पाजणे, आणि मग सुरू होताना गुळगुळ आवाज येतो.

पाणी स्वतः भरू नका. आत प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची पट्टी आणि बहुधा ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात असतात. गंज रोखणारी रसायने त्यात आधीच मिसळलेली असतात. नळाचे पाणी घातले की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि पट्टीच्या केसाएवढ्या खाचा गाळाने भरतात. बऱ्याच कूलरवर पाच-सहा वर्षांची हमी असते, बिल शोधा. बदली येईपर्यंत एखादा साधा टॉवर लावून काम चालवा. तुमचा प्रोसेसर १५० वॉटच्या आत असेल तर तो टॉवर तसाच राहू द्यायलाही आमची ना नाही : त्यात बंद पडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो.

प्रश्न : पेस्ट किती लावावी आणि किती दिवसांनी बदलावी? (सोलापूर)

मधोमध वाटाण्याहून थोडा लहान, चार-पाच मिलिमीटरचा थेंब. एलजीए १७०० सॉकेटच्या (आय५-१२४०० बसतो त्या) प्रोसेसरसारख्या लांबट टोपीवर थेंबाऐवजी छोटी रेघ. पसरवायची गरज नाही, दाबाने पसरते. कमी लागली तर नुकसान, जास्त लागली तर फक्त बाजूला येते. बरेच जण थेंबाच्या आकाराची काळजी करतात आणि कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढायला विसरतात. ९० ला गेलेल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा तेच शोधा. एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पॅडलाही असेच प्लास्टिक असते.

जुनी पेस्ट पुसायला ९० टक्क्यांच्या वरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड. सॅनिटायझर नको, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. बदलायचे वर्ष कॅलेंडर ठरवत नाही. वर सांगितलेला वॉटमागचा अंशांचा आकडा दर वर्षी लिहून ठेवा, ०.४५ चा ०.५५ झाला की आधी धूळ काढा, तरी उतरला नाही तर पेस्ट बदला. उन्हाळ्यात दिवसभर तापून रात्री गार होणाऱ्या मशीनमध्ये पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. अशा ठिकाणी पीटीएम ७९५० सारखा ४५ अंशांच्या सुमारास मऊ होणारा पॅड जास्त टिकतो. द्रवधातूची पेस्ट ॲल्युमिनियमच्या तळाला लावू नका, ती तो धातू खाते, आणि वीजवाहक असल्याने सांडली तर बोर्डही जातो.

प्रश्न : जुन्या बाजारात टॉवर कूलर स्वस्त मिळतो आहे. तपासायचा कसा? (कोल्हापूर)

कपभर कडकडीत पाणी मागा. पंखा काढून तळाचा तांब्याचा भाग त्यात बुडवा आणि वरच्या टोकाला प्रत्येक हीटपाइपला बोट लावा. चांगला पाइप काही सेकंदांत गरम होतो. त्याच्या आतले थोडेसे पाणी कमी दाबाखाली वाफ होऊन वर जाते आणि पुन्हा पाणी होऊन परत येते, म्हणून तो भरीव तांब्यापेक्षा कितीतरी वेगवान असतो. गार राहिलेला पाइप फुटलेला किंवा चेपलेला समजा. मग तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा, मधोमध प्रकाश दिसला तर तळ खोलगट आहे. शेवटचे, आणि इथेच सौदा फसतो : तुमच्या सॉकेटची क्लिप आणि मागची पट्टी सोबत आहे का? इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० सॉकेटची क्लिप एलजीए १७०० ला बसत नाही, भोके ७५ ऐवजी ७८ मिलिमीटरवर आहेत.

आणि विकणारा एएम४ बोर्डावरून (पिना प्रोसेसरलाच असणारे एएमडीचे सॉकेट) तुमच्यासमोर कूलर उपसणार असेल तर त्याला थांबवा. आधी मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा, कूलर डावी-उजवीकडे थोडा पिळा आणि मगच उचला. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात.